नवरा गेल्यावर त्याचं कर्ज, टॅक्सच्या नोटिसा आणि "तू काय कमावलंस" हा प्रश्न

ताई, तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून मला जसा समजला तसा आधी मांडते, काही चुकलं असेल तर सांगा. मिस्टर सात महिन्यांपूर्वी हार्ट अटॅकनं गेले, वय ४६. फॅब्रिकेशनचं वर्कशॉप त्यांच्या एकट्याच्या नावावर. मागे बँकेचं सीसी लोन (कॅश क्रेडिट, धंद्यासाठीचं खेळतं कर्ज), त्यावर तुमची जामीनदार म्हणून सही. एका फायनान्स कंपनीचं पर्सनल लोन, पतसंस्थेचं कर्ज ज्याला शेजारचे दोघं जामीन आहेत, मित्राचे हातउसने दोन लाख, आणि एक खाजगी सावकार शेकडा पाचनं, त्याच्याकडे मिस्टरांचे सही केलेले कोरे चेक. वर जीएसटीची नोटीस, इन्कम टॅक्सची नोटीस आणि तीन वर्षांची थकलेली घरपट्टी. आणि घरात दीर म्हणतायत की घर दादाच्या कष्टाचं आहे, तू काय कमावलंस, हक्कसोडपत्रावर सही कर, कर्जाचं आम्ही बघतो.

मी एकवीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात वकिली करते आणि सोबत टॅक्सचं कामही बघते. तुमच्यासारखी फाईल माझ्याकडे वर्षाला चार-पाच वेळा तरी येते. म्हणून सगळ्यात शेवटी विचारलेल्या गोष्टीचं उत्तर सगळ्यात आधी देते. हक्कसोडपत्रावर सही करू नका. आत्ता नाही, सहा महिन्यांनी नाही, वकिलाला कागद दाखवल्याशिवाय कधीच नाही.

कारण असं बघा. हक्कसोडपत्रानं घरातला तुमचा वाटा जातो, पण बँकेच्या जामीनपत्रावरची तुमची सही जात नाही. "आम्ही बघतो" हे दिरांनी तुम्हाला तोंडी सांगितलंय, बँकेला लिहून दिलेलं नाही, आणि बँकेनं मान्य केल्याशिवाय ते लिहून दिलं तरी तुम्ही सुटत नाही. म्हणजे मालमत्ता तिकडे आणि कर्ज तुमच्याकडे. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, अंगणवाडीत मदतनीस, त्यांनी अशीच सही करून दिली, आणि वर्षभरानं वसुलीचा कागद त्यांच्याच दारात आला कारण जामीन त्याच होत्या. तोवर घर पुतण्याच्या नावावर चढलं होतं. तो दिवस मी विसरू शकत नाही.

आता मूळ नियम, जो सगळ्या कर्जांना लागू आहे. माणूस गेला की त्याचं कर्ज बायकोच्या अंगावर येत नाही, ते त्याच्या मालमत्तेवर राहतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५० सांगतं की वारसाच्या हातात मयताची जेवढी मालमत्ता आली तेवढ्यापुरताच तो जबाबदार. वीस लाखाचं कर्ज आणि मागे मालमत्ता आठ लाखाची, तर आठच, वरचे बारा तुम्ही तुमच्या माहेरच्या दागिन्यातून किंवा उद्याच्या कमाईतून द्यायचे नाहीत. मुलाचंही तेच. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य असा जुना हिंदू कायदा होता, ते ९ सप्टेंबर २००५ पासून बंद झालंय, त्यानंतर घेतलेल्या कर्जाला तो मुद्दा कुणी लावू शकत नाही. तुमच्या मुलाला कुणी फोनवर "बापाचं देणं आहे, फेड" म्हणत असेल तर त्याला हे सांगा, एकोणीस वर्षांचं पोर आहे, त्याला रात्री झोप लागली पाहिजे.

या नियमाला दोन भोकं आहेत आणि बायका नेमक्या तिथंच अडकतात. एक म्हणजे स्वतःची सही. जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केली असेल तर ते कर्ज तुमचं स्वतःचं आहे, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. दुसरं म्हणजे मालमत्ता घाईनं विकणं. दिरांनी सुचवलंय ना की वेल्डिंग मशीन आणि कटर गुपचूप काढून टाकू, नका करू. ती मशिनरी बहुतेक सीसीला तारण असणार, बँकेला न विचारता विकली तर फौजदारी तक्रार होऊ शकते, आणि टॅक्स थकलेला असताना वारसानं मालमत्ता विकली तर त्या किमतीइतकी जबाबदारी वैयक्तिक होते असं आयकर कायद्यात स्पष्ट आहे.

म्हणून पहिलं काम, एक दोनशे पानी वही घ्या. एका पानावर मिस्टरांच्या नावावर काय काय होतं, दुसऱ्यावर तुमच्या नावावर काय, तिसऱ्यावर देणी, आणि प्रत्येक देण्यासमोर "माझी सही आहे / नाही". सही आठवत नसेल तर बँकेकडे आणि पतसंस्थेकडे कर्जाच्या कागदांच्या प्रती लेखी मागा. अर्ज दोन प्रतीत द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या, तोंडी बोलण्याला काही किंमत नाही.

पैसे देण्याआधी येणं शोधा, हे लोक हमखास विसरतात. मिस्टरांच्या बँक पासबुकात मे-जूनमध्ये ४३६ रुपये कापलेले दिसतायत का बघा, ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना, दोन लाखाचं कव्हर, मृत्यू कशानंही झाला तरी मिळतं. २० रुपये कापले असतील तर ती अपघात विम्याची, ती हार्ट अटॅकला लागू नाही. प्रत्येक कर्जाच्या स्टेटमेंटमध्ये सुरुवातीला विम्याचा हप्ता कापलाय का तेही बघा, पर्सनल लोनला बऱ्याचदा कर्ज-विमा असतो आणि वसुलीवाला त्याबद्दल स्वतःहून बोलत नाही. तुम्ही स्वतः बचत गटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलं असेल तर तिथंही विचारा, त्यात पुष्कळदा नवऱ्याचाही विमा असतो.

एलआयसीचे चार लाख आले असं तुम्ही लिहिलंय आणि फायनान्सवाला ते मागतोय. देऊ नका. मयताच्या आयुर्विम्याचे पैसे जप्तीतून वगळलेले आहेत, आणि २०१५ पासून विमा कायद्यानुसार नॉमिनी बायको, मुलं किंवा आईवडील असतील तर ते पैसे त्यांच्या हक्काचे. फक्त एक करा, हे पैसे ज्या बँकेत तुम्ही जामीन आहात तिथल्या खात्यात ठेवू नका. जामीनदाराच्या खात्यातले पैसे बँक थकबाकीत वळते करू शकते. दुसऱ्या बँकेत तुमच्या एकटीच्या नावानं खातं काढा.

आता एकेक देणं घेऊ.

फायनान्स कंपनीच्या लोनवर तुमची सही नाही. त्यांना एक पत्र द्या, मृत्यूचा दाखला जोडा, आणि लिहा की मी सहकर्जदार किंवा जामीनदार नाही, यापुढं फक्त लेखी संपर्क करा. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाईकांना त्रास द्यायचा नाही. ते तुमच्या बहिणीला फोन करतायत हे सरळ नियमाबाहेरचं आहे. तारीख, वेळ, नंबर वहीत लिहा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे, तक्रारीला फी नाही आणि वकीलही लागत नाही.

सावकाराचं प्रकरण गंभीर आहे. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला साठ. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे, परवाना असलेल्या सावकारालासुद्धा बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. परवाना नसेल तर त्याला कोर्टाकडून वसुलीचा हुकूमनामाच मिळत नाही, उलट विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या ऑफिसात जाऊन त्याच्या नावावर परवाना आहे का ते विचारा, तक्रारही तिथंच द्यायची. कोऱ्या चेकची भीती घालतोय म्हणता, तर चेक बाउन्सचा गुन्हा सही करणाऱ्यावर असतो, सही करणारा हयात नाही, तो खटला बायकोवर चालत नाही. पण तो आता वेगळं मागेल. जुने चेक परत देतो, तुमचा एक चेक द्या, किंवा शंभराच्या स्टॅम्पवर "मी फेडीन" एवढंच लिहून द्या. तिथं सगळं बदलतं, मिस्टरांचं देणं तुमच्या सहीनं तुमचं होतं. चेक नाही, स्टॅम्प नाही, मोबाईलवर "हो देते" असा मेसेजसुद्धा नाही. घरी येऊन दमदाटी केली तर पोलिसात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

मित्राच्या हातउसन्याचं वेगळं आहे. कायद्यानं दावा करायला तीन वर्षांची मुदत, कागद नसेल तर त्यांना बँक एन्ट्री किंवा साक्षीदार लागेल. पण तुम्ही स्वतः लिहिलंय की पैसे खरंच घेतले होते आणि तो माणूस दवाखान्यात रात्रभर बसला होता. त्याचे बुडवा असं मी सांगणार नाही. त्यांना बोलवा, वहीतलं पान दाखवा, सांगा की तारण कर्ज आणि सरकारी देणं गेल्यावर मिस्टरांच्या मालमत्तेतून उरेल त्यात तुमचं नाव पहिलं आहे. बहुतेक भले लोक एवढ्यावर थांबतात.

पतसंस्था कोर्टात न जाता सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेते. त्याची नोटीस आली की लोक घाबरून जातच नाहीत, आणि तिथंच नुकसान होतं, कारण एकदा दाखला निघाला की त्याविरुद्ध रिव्हिजन (फेरतपासणीचा अर्ज) करायला आधी निम्मी रक्कम भरावी लागते. म्हणून नोटिशीच्या तारखेला हजर राहा, लेखी म्हणणं द्या, व्याजाचा हिशोब मागा. शेजारचे दोन जामीनदार रोज दारात येतायत, त्यांचं चुकत नाही, त्यांच्या पगारावर येणार आहे. त्यांना सोबत घ्या. तिघं मिळून चेअरमनकडे गेलात तर व्याजात सूट देऊन एकरकमी तडजोड होण्याची शक्यता बरीच वाढते, एकटं गेलं की कुणी दाद देत नाही.

सीसी लोनवर तुमची सही आहे, तिथून सुटका नाही, पण घाई पण नाही. घर त्याला गहाण आहे का हे तुम्ही लिहिलं नाही. असेल आणि सरफेसीची (गहाण मालमत्ता बँकेनं ताब्यात घेण्याच्या कायद्याची) नोटीस आली तर ६० दिवस असतात, त्यात लेखी हरकत द्यायची, बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. गहाण नसेल तर एकरकमी तडजोडीचा अर्ज द्या आणि प्रकरण लोकअदालतीत ठेवायला सांगा. तिथं कोर्ट फी लागत नाही, तडजोड झाली की तिच्यावर अपील नाही, विषय कायमचा संपतो. मशिनरी बँकेच्या परवानगीनं विकून ती रक्कम तडजोडीत भरणं हा तुमच्यासाठी मला सगळ्यात बरा मार्ग वाटतो.

घरपट्टी मात्र लवकर भरा. तिचा बोजा घरावरच असतो आणि थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती (दंड) लागते, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के, बँकेच्या व्याजापेक्षा जास्त. शास्ती माफीची अभय योजना चालू आहे का ते नगरपालिकेत विचारा.

टॅक्सच्या दोन नोटिसा. इन्कम टॅक्सचं तत्त्व तेच, वारस मयताच्या मालमत्तेपुरताच जबाबदार. १९६१ च्या कायद्यात ते कलम १५९ होतं, १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू आहे त्यामुळं कलमांचे आकडे बदललेत, तुमची नोटीस कुठल्या वर्षाची आहे ते बघून कलम लावावं लागेल. मयताच्या नावानं काढलेली फेरआकारणीची नोटीस टिकत नाही असं हायकोर्टांनी अनेकदा सांगितलंय, पण म्हणून ती ड्रॉवरमध्ये ठेवू नका. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर स्वतःला कायदेशीर वारस म्हणून नोंदवा, मृत्यूचा दाखला, दोघांचे पॅन आणि वारसाचा पुरावा लागतो, आणि नोटिशीला एवढंच उत्तर द्या की व्यक्ती अमुक तारखेला मयत आहे. ज्या वर्षी गेले त्या वर्षाचं १ एप्रिल ते मृत्यूच्या तारखेपर्यंतचं रिटर्न त्यांच्या नावानं तुम्हाला भरायचंय. ते भरताना टीडीएस (बिलातून आधीच कापलेला टॅक्स) बघा, फॅब्रिकेशनच्या कंत्राटात पार्ट्या टीडीएस कापतात, कितीतरी वेळा टॅक्स देणं लागत नाही उलट रिफंड निघतो.

जीएसटीत मोठी चूक होऊ शकते, आणि तुमच्या लिहिण्यावरून ती आत्ता चालू आहे. "मुलगा अधूनमधून जुन्या नंबरवर बिल काढतो" असं लिहिलंय तुम्ही. आजच थांबवा. जीएसटी कायद्याचं कलम ९३ म्हणतं की धंदा बंद झाला तर थकबाकी मयताच्या मालमत्तेपुरतीच, पण वारसानं धंदा चालू ठेवला तर थकलेला टॅक्स, व्याज, दंड सगळं त्या वारसावर येतं. म्हणजे दोन-तीन ग्रिलच्या बिलांसाठी पोरगा जुन्या सगळ्या थकबाकीचा धनी होतोय. जुनं रजिस्ट्रेशन रद्द करायला अर्ज टाका. धंदा पुढं चालवायचा का हे आधी थकबाकीचा आकडा बघून ठरवा, आणि चालवायचाच असेल तर सल्लागाराकडे बसून नवीन रजिस्ट्रेशन घ्या, कारण तोच धंदा पुढं चालवला तर नवीन नंबर घेऊनसुद्धा जुनं देणं मागं येऊ शकतं.

आता "तू काय कमावलंस". ताई, हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय, म्हणजे त्यांना ऐकवलेलं, की यावर सविस्तरच लिहिते.

पहिली गोष्ट, घरातला वाटा तुम्हाला कमाईमुळं मिळत नाही, वारस म्हणून मिळतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यात मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत बायको, मुलगा, मुलगी आणि त्याची आई यांना सारखा वाटा. तुमच्या घरात चार वाटे, एक तुमचा, दोन मुलांचे, एक सासूबाईंचा. दिरांचा शून्य. सासूबाईंचा वाटा खरा आहे, तो नाकारू नका. मुलगी अजून लहान आहे, तिचा वाटा कोर्टाच्या परवानगीशिवाय तुम्हीसुद्धा सोडून देऊ शकत नाही, हे दिरांना सांगायला हरकत नाही. नगरपालिकेत वारस नोंदीचा अर्ज याच आठवड्यात द्या.

दुसरी गोष्ट कामाची. तुम्ही लिहिलंय की सतरा वर्षं पहाटे पाचला उठून तीन कामगारांचा डबा, सासऱ्यांचं आजारपण, दोन मुलं, आणि दुपारी वर्कशॉपची उधारीची वही तुम्हीच लिहायचात. आणि खाली लिहिलंय "मी काही करत नाही, गृहिणी आहे". केंद्र सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं निघालं, असं काम करणाऱ्या पुरुषाची ९७. जवळपास पाच तास, रोज, रविवारसकट, आणि त्यात मुलांचं-आजाऱ्यांचं करणं वेगळं मोजलंय.

कोर्टानं हे काम मोजलंय, पण बहुतेक वेळा बाई गेल्यावर. जमशेदपूरला १९८९ मध्ये आगीत बायका-मुलं गेली, त्या खटल्यात २००१ साली सुप्रीम कोर्टानं गृहिणीच्या कामाची किंमत महिन्याला ३,००० रुपये धरली. २०१० मध्ये अरुणकुमार अग्रवाल प्रकरणात कोर्टानं नाराजी व्यक्त केली की जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत अनुत्पादक म्हणून बसवलंय. जानेवारी २०२१ च्या कीर्ती प्रकरणात न्यायमूर्ती रमणांनी वरचे मिनिटांचे आकडेच निकालात घेतले. या सगळ्या भरपाईच्या केसेस. जिवंत बाईसाठी जास्त उपयोगाचा निकाल मद्रास हायकोर्टाचा, जून २०२३, बायकोनं घर सांभाळलं म्हणून नवरा कमवू शकला, त्यामुळं त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचा सारखा वाटा आहे. महाराष्ट्रातल्या कोर्टावर तो बंधनकारक नाही, पण वाटपाचा दावा लागलाच तर मी तो तुमच्या बाजूनं नक्की दाखवीन.

टॅक्सवाल्यांचंही सांगते, कारण मला ते कायम खुपत आलंय. मिस्टरांनी तुम्हाला वही लिहिण्याचा महिना आठ हजार पगार दिला असता तर तुमच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक शिक्षण नाही म्हणून तो पगार कायद्यानं परत त्यांच्याच उत्पन्नात धरला गेला असता. म्हणून सल्लागारही "वहिनींचा पगार दाखवू नका" म्हणतात, आणि सतरा वर्षांच्या कामाचा एक ओळीचा पुरावा राहत नाही. तुमचं नाव कागदावर आलं ते फक्त जामीन म्हणून.

पण तुमच्याकडे पुरावा आहे, तुमच्या अक्षरातल्या उधारीच्या वह्या. त्या जपून ठेवा, दिरांच्या हातात देऊ नका. त्या दोन ठिकाणी लागणार. वाटपाच्या वेळी तुमचं योगदान दाखवायला, आणि त्याहून लवकर म्हणजे वसुलीला, कारण कुणाकडून किती येणं आहे हे त्या घरात फक्त तुम्हाला माहितीय. ती येणी मिस्टरांच्या मालमत्तेत धरायची. ज्यांनी गेट बसवून घेतलं आणि पैसे दिले नाहीत त्यांना नोटिसा काढू, तीन वर्षांच्या आतली येणी आधी. त्यातून पतसंस्थेचा एक भाग सुटेल असा माझा अंदाज आहे.

दागिन्यांबद्दल विचारलंय. लग्नातलं आणि माहेरचं सोनं हे तुमचं स्त्रीधन, मिस्टरांच्या कर्जात त्याला हात लागत नाही. अगदी जप्ती आली तरी स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि मंगळसूत्र जप्त करता येत नाही, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्येच लिहिलंय. सीसीसाठी मात्र तुम्ही स्वतः जामीन आहात, त्यामुळं बाकीच्या सोन्याबाबत ती तडजोड लवकर केलेली बरी.

वकिलाचा खर्च कसा करू म्हणता, तर विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नुसार कुठल्याही स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, नाहीतर १५१०० वर फोन करा. जाताना मृत्यूचा दाखला, सगळ्या नोटिसा पाकिटासकट, ती नवी वही आणि उधारीच्या जुन्या वह्यांपैकी एखादी सोबत न्या. आणि जीएसटीच्या नोटिशीत उत्तराची जी तारीख दिलीय ती आत्ताच बघा, बाकी सगळं आठवडाभर थांबेल, ती तारीख थांबणार नाही.